बारीक कोळसा किती धुऊन निघेल, हे प्रयोगशाळेत कसे ठरवतात?

वाचकांचे प्रश्न

कोळसा धुण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कोळशाच्या चाचण्यांसंबंधीची चार पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी खनिज प्रक्रिया हा विषय शिकतो. जाड कोळशाची फ्लोट-सिंक चाचणी आम्ही झिंक क्लोराइडच्या द्रावणात केली आणि तिचे आलेखही काढले. मात्र ०.५ मि.मी.च्या खालचा भाग आधीच चाळून बाजूला ठेवायला सांगितले होते. त्या भागाची अशी चाचणी घेता येत नाही का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : चाचणी घेता येते आणि ती घेतलीही पाहिजे, मात्र झिंक क्लोराइडच्या बादलीत ती नीट होत नाही, आणि त्याचे कारण कण खाली बसण्याच्या वेगात आहे.

आपणास ठाऊकच आहे की स्वच्छ कोळशाची घनता १.३ च्या आसपास, शेल (मातीपासून बनलेला थरांचा खडक) आणि चिकणमातीची साधारण २.२ ते २.६ आणि पायराइटची ५ च्या आसपास असते. चढत्या घनतेच्या द्रवांतून नमुना नेऊन प्रत्येक द्रवावर तरंगलेल्या भागाचे वजन आणि राख मोजायची, एवढेच या चाचणीचे तत्त्व आहे, आणि ते कणाच्या आकारावर अवलंबून नाही. आकारावर अवलंबून असतो तो वेळ. बारीक कणाचा बसण्याचा किंवा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. कण आणि द्रव यांच्या घनतेत ०.०५ चा फरक आहे आणि द्रव पाण्याइतकाच पातळ आहे असे धरून हिशेब केला, तर ०.५ मि.मी.चा कण १० सें.मी. अंतर पंधरा-वीस सेकंदांत कापतो, ५० मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे लागतात आणि १० मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ नऊ तास. झिंक क्लोराइडचे द्रावण तर जास्त घनतेला पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट होते, त्यामुळे हा वेळ त्याच पटीने आणखी वाढतो. इतक्या तासांत भांड्याच्या एका बाजूस लागलेली थोडीशी ऊबही द्रवात प्रवाह निर्माण करते आणि वेगळे होत आलेले कण पुन्हा मिसळतात. शिवाय बारीक कोळशावर चिकटून राहिलेले क्षार पुरते धुतले गेले नाहीत, तर वजन आणि राख या दोन्ही आकड्यांत ते घुसतात.

म्हणून बारीक कोळशासाठी पातळ सेंद्रिय द्रव आणि सेंट्रिफ्यूज वापरतात. पर्क्लोरोइथिलीनची घनता १.६२ आहे, त्यात व्हाइट स्पिरिटसारखा हलका द्रव मिसळला की त्याखालच्या घनता मिळतात आणि ब्रोमोफॉर्म मिसळले की वरच्या. आधी नमुना ओल्या चाळणीने २५०, १५०, ७५ आणि ४५ मायक्रॉन अशा गटांत विभागून प्रत्येक गट वेगळा तपासावा, कारण ७५ मायक्रॉनच्या खालच्या गटात माती साठलेली असण्याचा संभव फार असतो आणि सगळा भुगा एकत्र तपासला तर ही गोष्ट सरासरीत दडून जाते. त्यानंतर नमुना पूर्ण कोरडा करावा. कणांवर पाण्याचा पातळ थर जरी राहिला, तरी सेंद्रिय द्रवात त्यांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळीत अडकलेली माती कोळशाबरोबर वर येते. नळीत थोडाच कोळसा घ्यावा, द्रव घालून काचेच्या कांडीने गुठळी उरणार नाही असे ढवळावे, सेंट्रिफ्यूज फिरवावा, वरचा थर द्रवासह हलक्या हाताने गाळणीवर ओतून घ्यावा आणि खाली बसलेला भाग पुन्हा एकदा त्याच घनतेच्या ताज्या द्रवात ढवळून फिरवावा. दुसऱ्या फेरीतही काही तरंगले तर पहिली फेरी अपुरी होती असे समजावे.

नागपूरच्या प्रयोगशाळांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. पर्क्लोरोइथिलीनची घनता तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.००१६ ने उतरते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी २५ अंशांना बेतलेला द्रव दुपारी खोली ३५ अंशांवर गेल्यावर ०.०१६ ने हलका झालेला असतो; शिवाय मिश्रणातला जो द्रव लवकर उडतो तो आधी कमी होतो आणि त्यामुळेही मिश्रणाची घनता बदलू लागते. हे दोन बदल एकमेकांना कापतीलच असे मुळीच नाही. ०.०१६ हा फरक इतर देशांतल्या सोप्या कोळशाला कदाचित चालून जाईल, आपल्या कोळशाला चालत नाही. गोंडवाना काळातल्या आपल्या कोळशात वाहून आलेल्या वनस्पतींबरोबर गाळही आला आणि तो अगदी सूक्ष्म रूपात कोळशात मुरला. गव्हातले खडे निवडता येतात, पण पिठाबरोबर दळली गेलेली माती निवडता येत नाही, तशी ही स्थिती आहे. त्यामुळे विभाजनाच्या घनतेच्या ०.१ वर आणि ०.१ खाली एवढ्या पट्ट्यात आपल्याकडे पुष्कळ माल सापडतो. हा माल १० टक्क्यांच्या वर असला की कोळसा धुण्यास कठीण मानतात आणि २५ टक्क्यांच्या वर गेला की तो सर्वांत अवघड वर्गात जातो. अशा कोळशात घनता थोडी सरकली तरी तरंगलेल्या भागाचे प्रमाण जाणवण्याइतके बदलते. म्हणून हायड्रोमीटर दिवसातून एकदा पाहून भागत नाही. प्रत्येक नळी भरण्यापूर्वी तो पाहावा.

शेवटी एक पडताळा अवश्य घ्यावा. सर्व गटांच्या राखेची वजनानुसार सरासरी काढली की ती मूळ नमुन्याच्या राखेशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर आलेख काढण्याची घाई करू नये.

प्रश्न : झरिया भागातल्या एका वॉशरीत मी बरीच वर्षे काम केले. बारीक कोकिंग कोळशाचे फ्लोट-सिंकचे आकडे पाहून आमच्याकडे उताऱ्याचे, म्हणजे येणाऱ्या मालातून किती टक्के धुतलेला कोळसा मिळावा याचे, लक्ष्य ठरवले जाई, पण फ्लोटेशनच्या (हवेच्या बुडबुड्यांनी कोळसा फेसात वर आणणाऱ्या) सेलमधून त्या राखेला तेवढा उतारा कधीच मिळत नसे. प्रयोगशाळा म्हणे सेल नीट चालवत नाहीत, आणि सेल चालवणारे म्हणत प्रयोगशाळेचे आकडे चुकीचे आहेत. खरे काय होते?
— एक निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोघांचेही काम कदाचित ठीकच असेल, चूक होती ती एका चाचणीचा आकडा दुसऱ्या यंत्राला लावण्याची. ही चूक इतकी सर्रास होते आणि तिच्यापायी कामगारांवर इतका नाहक ठपका येतो, की या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

फ्लोट-सिंक चाचणी कणाची घनता विचारते, तर फ्लोटेशन कणाचा पृष्ठभाग विचारते. आकारमानाने ७० टक्के कोळसा आणि ३० टक्के शेल असलेला एक जोडकण घ्या. कोळशाची घनता १.३ आणि शेलची २.४ धरली तर या कणाची घनता १.६३ येते, आणि वजनाने पाहिले तर त्यात जवळजवळ ४४ टक्के शेल आहे. १.५० च्या द्रवात हा कण निमूटपणे बुडेल. फ्लोटेशनच्या सेलमध्ये मात्र त्याची कोळशाची बाजू लगद्यात घातलेल्या डिझेलचा थर धरते, बुडबुड्याला चिकटते आणि ते शेलही बरोबर वर घेऊन येते. याच्या उलट, हवा-पाण्यात पडून पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झालेला शुद्ध कोळशाचा कण १.४० च्या द्रवावर तरंगेल, पण बुडबुडा त्याला पकडू शकणार नाही आणि तो टाकाऊ मालात जाईल. तिसरी अडचण मातीची आहे. अतिसूक्ष्म माती बुडबुड्याला चिकटत नाही, तरीही दोन बुडबुड्यांमधल्या पाण्याबरोबर ती फेसात येतेच. शिवाय शेलचे काही प्रकार पाण्यात विरघळल्यासारखे सुटून गाळ करतात. सेंद्रिय द्रवात ते जसेच्या तसे राहतात, त्यामुळे फ्लोट-सिंकच्या आकड्यांत हा गाळ दिसतच नाही.

यावरून असा निष्कर्ष निघतो की स्पायरल, पाण्याचा सायक्लोन किंवा रिफ्लक्स क्लासिफायर यांसारख्या घनतेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी फ्लोट-सिंकचा आलेख ही योग्य मोजपट्टी आहे, आणि फ्लोटेशनसाठी स्वतंत्र मोजपट्टी लागते. सी. सी. डेल यांनी १९५३ मध्ये मांडलेली रिलीज अॅनालिसिस ही पद्धत अशी मोजपट्टी आहे. फ्लोटेशनच्या प्रयोगशालेय चाचण्यांसाठी आयएसओ ८८५८ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यात या पद्धतीसाठी स्वतंत्र भाग आहे.

ही पद्धत दोन टप्प्यांत चालते. काही लिटर मापाच्या प्रयोगशालेय सेलमध्ये कोळशाचा पातळ लगदा घेतात. घन भागाचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून कमी ठेवतात. प्रथम नुसत्या पाण्यात काही मिनिटे ढवळून कोळसा पुरता भिजवायचा, मग डिझेल किंवा केरोसीन आणि त्यानंतर फेस आणणारे मिथाइल आयसोब्युटाइल कार्बिनॉल किंवा पाइन तेल घालायचे आणि जे जे तरंगू शकते ते सर्व वर काढून घ्यायचे. या टप्प्यात औषधाची, म्हणजे या तेलांची, काटकसर करायची नाही. गोळा झालेला फेस पुन्हा स्वच्छ पाण्यात घेऊन पुन्हा तरंगवायचा, आणि खाली काही उरेनासे होईपर्यंत हे करत राहायचे. प्रत्येक वेळी खाली राहिलेला माल एकत्र केला की तो 'न तरंगणारा' भाग होतो. पाण्याबरोबर फुकट वर आलेली माती या फेऱ्यांत गळून जाते, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

दुसऱ्या टप्प्यात हा स्वच्छ केलेला माल पुन्हा सेलमध्ये घेतात, पण औषध घालत नाहीत. पंख्याची गती आणि हवा दोन्ही अगदी कमी ठेवून सुरुवात करायची. अशा मंद स्थितीत फक्त सर्वांत सहज तरंगणारे कण वर येतात. ते वेगळ्या ताटात घ्यायचे, गती आणि हवा थोडी वाढवायची, पुढचा भाग दुसऱ्या ताटात, असे चार-पाच भाग काढायचे. ताटे शेजारी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांनाही दिसतो. पहिल्या ताटातला फेस गर्द काळा, चकचकीत आणि कणांनी लगडलेला असतो. शेवटच्या ताटात तो करडा पडतो आणि बुडबुड्यांच्या भिंती पारदर्शक दिसू लागतात. पट्टीने फेस ओढणाऱ्याचा हात मात्र सारखा चालला पाहिजे, कारण पट्टी खोल गेली की लगदाच ताटात येतो. प्रत्येक भाग गाळून, वाळवून, तोलून त्याची राख काढायची. भारतीय मानकाप्रमाणे २१२ मायक्रॉनखाली दळलेला १ ग्रॅम नमुना मफल भट्टीत ८१५ अंश सेल्सिअसला, १० अंशांच्या कमीअधिक मर्यादेत, वजन स्थिर होईपर्यंत जाळतात.

ट्री अॅनालिसिस ही याच हेतूची दुसरी पद्धत आहे. तीत पहिल्या फ्लोटेशनने तरंगलेला आणि बुडालेला असे दोन भाग होतात, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग करतात, आणि झाडाच्या फांद्यांप्रमाणे हे विभाजन पुढे नेऊन शेवटी सारखे भाग एकत्र करतात. यात गती आणि हवा बदलावी लागत नाही, त्यामुळे यंत्र चालवणाऱ्याच्या हाताचा परिणाम कमी होतो. मात्र गाळायला, वाळवायला आणि जाळायला भागांची संख्या पुष्कळ वाढते. प्रयोगशाळेत माणसे कमी असतील तर रिलीज अॅनालिसिस नीट करणे हे ट्री अॅनालिसिस अर्धवट करण्यापेक्षा केव्हाही चांगले.

आता आपल्या मूळ वादाकडे येतो. वॉशरीतल्या सेलचे रोजचे आकडे याच आलेखावर मांडले असते तर वाद तेथेच मिटला असता. उदाहरणासाठी काही आकडे धरू. सेलमध्ये येणाऱ्या कोळशाची राख ३४ टक्के, फेसातल्या कोळशाची १८ टक्के आणि टाकाऊ मालाची ५८ टक्के आहे. टाकाऊ मालाच्या राखेतून येणाऱ्या कोळशाची राख वजा केली की २४ उरतात, टाकाऊ मालाच्या राखेतून फेसातल्या कोळशाची राख वजा केली की ४० उरतात. २४ ला ४० ने भागले की उतारा ६० टक्के. जळणाऱ्या भागाचा हिशेब केला तर ६० गुणिले ८२ भागिले ६६, म्हणजे साडेचौऱ्याहत्तर टक्के जळाऊ पदार्थ हाती आला. रिलीज अॅनालिसिसच्या आलेखावर १८ टक्के राखेला समजा ७० टक्के उतारा दिसत असेल, तर उरलेले १० टक्के सेलमध्येच हरवत आहेत, आणि औषधाची मात्रा, भिजण्याचा वेळ, फेसाची उंची, फेसावर धुण्याचे पाणी यांपैकी काहीतरी सुधारता येईल. पण त्या आलेखावरही ६१-६२ टक्केच दिसत असतील, तर सेल चालवणाऱ्यांनी शक्य तेवढे सर्व केलेले आहे. त्यापुढे जायचे असेल तर कोळसा आणखी बारीक दळून जोडकण फोडावे लागतील, किंवा खाणीतून येणारे मिश्रण बदलावे लागेल. फ्लोट-सिंकचा आलेख हा फरक दाखवू शकत नाही. तो ७५ दाखवील आणि भांडण चालू राहील.

दोन्ही चाचण्या एकाच नमुन्यावर कराव्यात, असा माझा आग्रह आहे. दोन आलेखांमधले अंतर जास्त निघाले तर जोडकण किंवा ऑक्सिडाइझ झालेला पृष्ठभाग हे त्याचे कारण असण्याचा संभव मोठा असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातले कोणते कारण हे ठरवता येते. फक्त नमुन्याची वाटणी सुरुवातीलाच करावी. पर्क्लोरोइथिलीनमध्ये बुडवलेला कोळसा धुऊन-वाळवून फ्लोटेशनला कधीही वापरू नये; त्याचा पृष्ठभाग बदललेला असतो.

प्रश्न : माझी मुलगी कोळशाच्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या कपड्यांना ड्रायक्लीनिंगच्या दुकानासारखा वास येतो. तिला विचारले तर 'फ्लोट-सिंकचे केमिकल आहे' म्हणते. काळजी करण्यासारखे आहे का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : होय, काळजी घेण्यासारखे आहे. तो वास पर्क्लोरोइथिलीनचा असावा. ड्रायक्लीनिंगमध्ये हाच द्रव वापरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला '२ अ' गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्याचा दाट संभव असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. कपड्यांना वास राहतो याचा अर्थ खोलीतील वाफ दिवसभर बाहेर जात नाही.

आपल्या मुलीने हे काम केवळ फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात, करावे. या द्रवाची वाफ हवेपेक्षा पुष्कळ जड असल्याने ती जमिनीलगत साठते, त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट पंखा पुरेसा नाही. हवा खालून ओढली गेली पाहिजे. लेटेक्सचे साधे हातमोजे हा द्रव अडवत नाहीत, त्यासाठी या द्रवाला टिकणारे हातमोजे मागून घ्यावेत. भिजलेले नमुने वाळवण्याचे ओव्हन हूडखाली असावे आणि मफल भट्टीच्या खोलीत हा द्रव नेऊ नये, कारण फार तापलेल्या पृष्ठभागाशी त्याच्या वाफेपासून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. हलक्या घनतेसाठी बेन्झिन वापरत असतील तर ते त्वरित बंद करायला सांगावे. त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि व्हाइट स्पिरिटने तेच काम भागते. हे मागणे म्हणजे तक्रार नव्हे, आणि तिने ते लेखी द्यावे.

पर्याय आहेत. सोडियम पॉलिटंगस्टेट आणि लिथियम मेटाटंगस्टेट ही क्षारांची पाण्यातली द्रावणे पुरेशी जड आणि या द्रवांपेक्षा कितीतरी कमी घातक असतात. ती महाग आहेत, पण धुतलेले पाणी आटवून पुन्हा वापरता येतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात तर जड द्रव न वापरता, खालून सोडलेल्या पाण्याच्या प्रवाहात कणांचे थर लावून घनतेनुसार भाग काढण्याची पद्धत विकसित झाली आहे. नव्या प्रयोगशाळेची उभारणी करणाऱ्यांनी या मार्गांचा विचार आधी करावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : खाणीवरून आणलेला बारीक कोळशाचा नमुना चाचणीपूर्वी किती दिवस ठेवला तर चालतो?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : फ्लोट-सिंकसाठी काही आठवडे ठेवला तरी सहसा बिघडत नाही. फ्लोटेशनच्या चाचणीसाठी मात्र शक्य तितक्या लवकर, आणि नागपूर-उमरेडच्या उन्हाळ्यात तर आल्या दिवसापासूनच घाई करावी, कारण उष्णतेने कोळशाच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडेशन वेगाने होते आणि बारीक कोळशाला पृष्ठभाग फार मोठा असतो. नमुना पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. तो हवाबंद पिशवीत, शक्य असल्यास नायट्रोजन भरून, थंड जागी ठेवावा. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर वाळवू नये, खोलीच्या तापमानाला पसरून वाळवावा. मोठ्या ढिगातून लहान नमुना काढताना फावड्याने वरचेवर उचलू नये, रिफलमधून (नमुना दोन सारख्या भागांत वाटणारे साधन) निम्मा निम्मा करत न्यावा, कारण बारीक माती ढिगाच्या मध्यभागी आणि जाड दाणे कडेला जमतात. पिशवीवर नमुना घेतल्याची तारीख लिहावी आणि अहवालात ती फ्लोटेशन केल्याच्या तारखेशेजारी छापावी.